बिनखात्याच्या मंत्र्याचा आदेश

ती घटना अजून डोक्यातून गेलेली नाही. घरचे म्हणतात, विसर. मला ती विसरायची नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

आधी एक खुलासा. अशा आठवणी लिहिणारे अधिकारी पूर्ण सेवा करून, पेन्शन घेऊन निवांत बसलेले असतात. माझे तसे नाही. मी फौजदार होतो आणि पस्तिशीच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडलो. खात्यात येण्याआधी कॉलेजात पत्रके लिहून वाटायचो, आता पुन्हा तेच करतो. मधली काही वर्षे खाकीत गेली. माझी भाषा कुणाला भडक वाटली तर वाटो. गाव, ठाणे, माणसे यांची नावे मात्र घेणार नाही. ज्यांची घ्यावीशी वाटतात त्यांच्याकडे वकील चांगले आहेत.

मालवण किनाऱ्यावरचे आमचे ठाणे लहान. सकाळी ठाणे अंमलदार बदलायचा, स्टेशन डायरीत चार्जची नोंद व्हायची, मग हजेरी, मग चहा. गुन्हे म्हणजे बांधावरची भांडणे, गोव्याची दारू, जत्रेतली मारामारी. त्या गुरुवारी चहा यायच्या आधीच तीन माणसे ओल्या कपड्यांनी दारात उभी राहिली. परराज्यातल्या एका मोठ्या मच्छीमार नौकेचा तांडेल, म्हणजे नौकेवरचा म्होरक्या, आणि त्याचे दोन खलाशी.

फिर्याद सरळ होती. पहाटे उजाडताना दोन होड्यांतून सात जण आले. त्यांनी नौका अडवली, धक्काबुक्की केली, नौका किनाऱ्याजवळ आणायला लावली. मग नौका सोडून दिली, पण तिच्यावरचा जनरेटर, मोठे दिवे आणि वायरलेस संच उतरवून घेऊन गेले. सात माणसे, बळजबरी आणि नेलेला माल. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून असे केले की कायदा त्याला दरोडा म्हणतो, आणि दरोड्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. फिर्याद लिहून पुरी व्हायच्या आत वरून दोन फोन आले. नौकेच्या मालकाचे हात कुठपर्यंत पोचतात ते तेव्हा कळले. गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला.

आता ते दिवे कसले, हे सांगायला हवे. प्रखर दिवे पाण्यावर सोडले की लांबलांबची मासळी, पिल्लांसकट, उजेडाला गोळा होते आणि एका फेरीत उचलली जाते. या मासेमारीला बंदी आहे. बंदी कागदावर आहे आणि दिवे समुद्रात आहेत. आमच्या किनाऱ्यावरचे लोक रापण लावतात; म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि किनाऱ्यावर उभे राहून सगळ्या वाडीने ते ओढायचे. दिवेवाल्यांनी समुद्र उपसला की रापणीत शेवाळ येते आणि प्लास्टिक. लोकांनी अर्ज केले, उपोषणे केली. हे मी नोकरीत येण्याआधीपासून चालले होते आणि नोकरी सोडल्यावरही चालूच आहे. अर्जांवर सह्या करणाऱ्यांची एक पिढी बदलली.

आणि आता त्या सरकारबद्दल.

त्या वेळी राज्यात जे सरकार आले ते पंधरवडाही टिकले नाही. आज लोकांना त्याचा मुख्यमंत्री आठवायला दोन मिनिटे लागतात. पण ते सरकार होते, त्याचा शपथविधी झाला होता आणि त्याला मंत्रिमंडळही होते. ते मंत्रिमंडळ कसे जमवले होते ते मी तेव्हा पेपरातली कात्रणे काढून वाचले होते. फुटून आलेले, फोडून आणलेले, दोन्हीकडे पाय ठेवून बसलेले अपक्ष. कोण कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या जातीचा, कोण कुणाचा व्याही, सगळे छापून आले होते. कोण कुठले काम करणार हे कुणी छापले नाही, कारण ते ठरलेच नव्हते. शपथ घेणाऱ्यांत एक बाई नव्हती. समुद्रावर पोट असलेला एक माणूस नव्हता. किनाऱ्याच्या वाट्याला एक राज्यमंत्री आला, तोही शेवटच्या क्षणी कुंपणावरून उडी मारल्याचे बक्षीस म्हणून. खातेवाटपावर भांडणे लागली आणि ती मिटायच्या आत सरकार गेले. सगळेच्या सगळे मंत्री बिनखात्याचे. गाडीवर दिवा नसला तरी मागेपुढे पोलीस होते, बंगल्यासाठी रांग होती, आणि काम कुणाकडेच नव्हते.

पण मोबाईलवर खातेवाटपाच्या याद्या फिरत होत्या. रोज नवी यादी. त्यातल्या एका यादीत आमच्या राज्यमंत्र्यांच्या नावापुढे मत्स्यव्यवसाय असे होते. दुसऱ्या दिवशी बाजारात बॅनर लागले, 'मत्स्यव्यवसाय राज्यमंत्रीपदी निवड झाल्याबद्दल'. रविवारी रापण लावणाऱ्यांच्या वाडीत सत्कार झाला. बंदोबस्ताला मी होतो. मी त्या बॅनरखाली उभा राहून त्यांना सॅल्यूट केला. मलाही ते मत्स्यव्यवसायाचेच मंत्री वाटत होते. हे मी आज कबूल करतो, कारण पुढे वाडीच्या भोळेपणाला फार लोक हसले.

तर गुन्हा गुरुवारचा. सरकार त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, राजीनामा देऊन मोकळे झाले होते.

मी आणि हवालदार त्याच वाडीत गेलो. कुणी काही बोलेना. पुरुष जाळी दुरुस्त करत होते, त्यांनी मान वर केली नाही. बायकांनी मात्र टोमणे मारले.

"उजेडवाले धरूक कधी येनास नाय ते," एक जण तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. "आज बरी वाट गावली तुमका."

दोन दिवस असेच गेले. खबर मिळते ती खबऱ्याकडून, असे सिनेमात असते. आमच्याकडे ती मासळीबाजारात मिळते. शनिवारी सकाळी हवालदार माझ्या टेबलापाशी आले. मूळ वेंगुर्ल्याचा माणूस, सेवेची दोनच वर्षे राहिलेली. ऑफिसात ते माझ्याशी प्रमाण मराठीत बोलत, त्या दिवशी मालवणीत बोलले.

"साहेब, वाडीत विचारून कायएक गावूचा नाय. आमच्या घरातली गेल्या मंगळवारी बांगडे आणूक गेल्ली. मासेवाली तिका म्हणता, आता बघ गो, उजेडवाल्यांची मस्ती उतरतली. सोमवारी देवळात गाऱ्हाणां झालां."

"कसलं गाऱ्हाणं?"

"तां तुम्ही माका विचारतास? जामसंड्याचे ना तुम्ही?"

मी इथलाच, मला माहीत होते. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे कुठलेही मोठे काम करण्याआधी गावातला मानाचा माणूस ग्रामदेवतेपुढे उभा राहतो आणि गावाच्या वतीने देवाला काम सांगतो. कोण करणार, काय करणार, कधी करणार. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्याला गाऱ्हाणे म्हणतात. ते एकदा घातले की शब्द देवाकडे गेला. तो मागे घ्यायची रीत नाही.

"ज्येचा गाऱ्हाणा झाला, त्येका कोण नाय म्हणुचो नाय," हवालदार म्हणाले. "ज्येनी घातला त्येका बोलवा. बाकी कायव नको."

वाडीत गाऱ्हाणे घालायचा मान ज्यांचा, त्यांना सगळे दाजी म्हणत. साठीचे, उंच, रापणीचे पुढारी. दुपारी ते ठाण्यात आले. बरोबर त्यांची बायको, बाजारातून परस्पर आलेली, मासळीची रिकामी पाटी काखेत. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. हवालदारांनी पाणी विचारले तर म्हणाली, "तुमचां पाणी नको. आमचो माणूस तेवडो लवकर सोडा, भात घालूचो आसा."

दाजी माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले आणि प्रमाण मराठीत बोलू लागले. "याबाबत मला काही सांगायचे नाही, साहेब. आपण कायद्याप्रमाणे काय ते करावे." अर्ज वाचून दाखवावा तसे. हे मी नोकरीत शिकलो होतो, की आमच्याकडचा माणूस असे छापील बोलतो तोवर तो सरकारशी बोलत असतो. त्याने माणसाशी बोलायला हवे असेल तर आपल्याला आधी भाषा बदलावी लागते.

"दाजी," मी म्हटले, "सोमवारी गाऱ्हाणां कोणी घातलां?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मी."

"काय घातलास?"

"तां असा बसान सांगूचा नसता."

ते उठले. चपला काढून भिंतीकडे सरकवल्या, टोपी नीट केली आणि हात जोडले. समोर आरोपींच्या फोटोंचा बोर्ड होता. त्या बोर्डाकडे तोंड करून त्यांनी सोमवारचे गाऱ्हाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उबी आसत. आमचो दर्यो लुटून नेतत, पिलांसकट नेतत, तां तू बघतस. आता सरकारान आमका कागद दिल्यान हा, तो तुझ्या पायार ठेवलो हा. ही सात माणसां येत्या बेस्तरवारी फाटे दर्यात जातली. उजेडवाल्याक अडवतली, बंदरात हाडतली, सरकाराच्या ताब्यात देतली. कोणाचा वायट करूचा नाय, कोणाचा खावचा नाय. तेंका सुखरूप न्ही आणि सुखरूप हाड."

मध्ये त्यांनी सात नावे घेतली. बापाच्या नावासकट, घरासकट. पहिले स्वतःचे. प्रत्येक वाक्यानंतर दाजी किंचित थांबत, आणि त्या थांबण्यात माझे हवालदार हलक्या आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणून गेले. त्यांना कळलेही नसावे.

सात नावे, दिवस बेस्तरवार म्हणजे गुरुवार, वेळ पहाटेची, आणि हेतू. तपासी अंमलदाराला याहून जास्त काय हवे? मला आनंद झाला. हे मी लपवत नाही. गुन्हा उघडकीला आला की होतो तो आनंद.

"मग सरकारच्या ताब्यात का दिली नाहीत नौका?"

"बंदरार गेलंव. थयलो साहेब म्हणालो, माका असो आदेश इलेलो नाय, मी ताब्यात घेवचंय नाय. तोवर तेंचे फोन सुरू झाले. पोरां भियाली. मगे म्हटलंय, नौका सोडा, दिवे काढून घेया. दिवे सोडलंव तर उद्या परत टाकतले. ते रापणीच्या मांगरात ठेवले हत, ताडपत्रीखाली. पुरावो म्हणान."

"कुणाला मारलंत?"

"मारूक नाय. एक जण कोयतो घेवन होडीचो दोर तोडूक इलो. त्येका मी ढकललंय. मीच."

आणि मग मी तो प्रश्न विचारला. जबाबाच्या कागदावर एक ओळ रिकामी होती, घटनाक्रम जुळवायचा होता, म्हणून विचारला. त्यामागे दुसरे काहीही नव्हते.

"बुधवारी दुपारी सरकार पडलं. तुम्हाला ते कधी कळलं?"

"तेवाच. टीव्ही चालू हुतो."

"अवो, गप रवा," व्हरांड्यातून आवाज आला. खिडकीच्या गजाशी त्यांची बायको उभी होती. कायदा तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

दाजींनी तिकडे पाहिले नाही.

"कळलं होतं तर गुरुवारी गेलात कशाला?"

"साहेब, सरकार पडला म्हणान देव पडता काय? सात माणसांची नावां घेवन सांगितलंय. बेस्तरवार सांगितलंय. सांजेक देवळात सगळी जमली, विचारूक लागली, दाजी, आता काय? मी म्हटलंय, सांगितलां ता करूचा लागतला."

मी ते लिहून घेतले. शब्दन् शब्द.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण त्यावरून पुढे जे सापडते ते पुरावा होते. दाजींनी दाखवून दिल्यावर मांगरातून, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपीतून, पंचांसमक्ष दिवे, जनरेटर आणि वायरलेस संच जप्त झाले. सोमवारी आणि बुधवारी देवळात असलेल्या माणसांचे जबाब झाले. त्यांना फक्त एवढेच विचारायचे होते, गाऱ्हाणे झाले का आणि बुधवारी दाजी काय म्हणाले. देवळात झालेल्या गोष्टीबद्दल कुणी खोटे बोलले नाही.

मला तरी वाटत होते, मी त्यांना सोडवतो आहे. कारण माझ्या डोळ्यांसमोर तो कागद होता.

कागद देवळातल्या पेटीत, देवाच्या वस्त्रांवर ठेवलेला सापडला. जाड, गुळगुळीत. वर राजमुद्रा, खाली मंत्र्यांचे नाव, त्याखाली 'राज्यमंत्री, मत्स्यव्यवसाय'. मजकूर चार ओळींचा: प्रकाशझोतातील मासेमारी करणाऱ्या नौका स्थानिक मच्छीमारांनी अडवून बंदरात आणाव्यात, तेथे शासन त्या ताब्यात घेईल. सही, शिक्का. जावक क्रमांक नव्हता. सरकारी कार्यालयातून चहाच्या बिलाचे पत्र निघाले तरी त्याला जावक क्रमांक असतो. तिथे मला शंका आली आणि तिथून सूत्र मिळाले.

जवळच्या शहरातल्या छापखान्यात गेलो. मालकाने काहीच लपवले नाही. "बॅनरही आम्हीच केले साहेब, लेटरहेडही. मंत्र्यांचे पीए आले होते. त्यांनी मोबाईलवर यादी दाखवली, म्हणाले यादी फायनल आहे, टाका मत्स्यव्यवसाय." त्याने मला उरलेला गठ्ठा दाखवला. त्याचा जबाब घेतला, नमुना जप्त केला. त्या दिवशी मी फार ताठ चालत होतो.

पीए मला विश्रामगृहावर भेटले. माझ्याच वयाचा माणूस, पांढराशुभ्र शर्ट. घाबरला वगैरे नाही. चहा मागवला.

"सही कुणाची?"

"साहेबांचीच. सत्काराला जाताना गाडीत केली. लोक जमलेले, आरती, हार. मोकळ्या हातानं कसं पाठवणार त्यांना?"

"खातं मिळालेलं नव्हतं."

"मिळणारच होतं हो."

"त्या कागदावर विसंबून सात माणसं समुद्रात गेली. त्यांच्यावर दरोडा लागलाय."

तो खरोखर चकित झाला. "गेली? अहो, असा कागद फ्रेम करून सोसायटीत लावायचा असतो. त्याच्यावर कुणी जातं का?"

हे वाक्य मी शब्दशः देतो आहे. त्याच्या जबाबात ते लिहायला मला परवानगी मिळाली नाही.

मी वरिष्ठांना टिपण पाठवले. मंत्री आणि पीए यांच्याविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा घ्यावा, आणि सात जणांवरचे दरोड्याचे कलम काढावे. मला बोलावणे आले. साहेब वाईट नव्हते, कंटाळलेले होते.

"तो त्या दिवशी मंत्री होता?"

"होता, सर."

"मत्स्यव्यवसाय खातं त्याच्याकडे होतं?"

"नाही. सगळी खाती मुख्यमंत्र्यांकडेच होती."

"म्हणजे तो आदेश नाही. नुसता कागद. बरं, समजा आदेश होता. गुरुवारी ते सरकार होतं?"

"नाही, सर."

"आणि आरोपींना ते माहीत होतं. तूच शोधून काढलंस ना ते? सहा साक्षीदार उभे केलेस. मग आता तुला काय हवंय?"

मी विचारले नसते तर हे कुणाला कळणारही नव्हते. वकील म्हणाले असते, आदेश आहे या समजुतीने, सद्‌भावनेने गेले. तो एकच दरवाजा होता. मी घटनाक्रम जुळवताना तो बंद केला होता.

कागद अभिप्रायासाठी वरच्या कार्यालयात मागवून घेतला. तो परत आला नाही. मी स्मरणपत्रे पाठवली. त्यांच्या प्रती माझ्याकडे आहेत. मंत्रिमहोदयांनी लेखी कळवले की आपल्याकडे त्या काळात कोणतेही खाते नसल्याने असा आदेश काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. यातले एक अक्षर खोटे नाही. त्या मंत्रिमंडळाची घडण अशी होती की त्यात कुणीही, कशालाही जबाबदार नव्हता. तसे सरकार बनवायला डोके लागते. त्याला उगीच अपघात म्हणतात.

पुढचे सरकार आले. हेच गृहस्थ त्यातही मंत्री झाले, या वेळी खात्यासकट. त्या सरकारने राजकीय आंदोलनांतले गुन्हे मागे घ्यायचा निर्णय घेतला. मंत्र्यांच्या कार्यकर्त्यांचे सगळे गेले, दगडफेकीचे, काचा फोडल्याचे. दरोडा त्या यादीत बसत नव्हता. दाजी आणि सहा जण जामिनावर सुटले ते या अटीवर, की दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची आणि खटला संपेपर्यंत नौका घेऊन समुद्रात जायचे नाही. सात घरांच्या दोन्ही होड्या वाळूत. दर सोमवारी ते सात जण रजिस्टरवर सही करायला येत आणि मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेला असे. काही महिन्यांनी मी राजीनामा दिला. कुणी त्याला तत्त्व म्हणते, मी त्याला पळ म्हणतो.

पण नोकरी सोडली तरी साक्षीदार राहतोच. समन्स आले. जिल्हा कोर्टात सरकारी वकिलांनी मला एकेक पंचनामा दाखवला. ही सही तुमची का? हो. हे दिवे तुम्ही जप्त केले का? हो. बचावाच्या वकिलांनी कागदाबद्दल विचारले, मी आदेशाचे, छापखान्याचे, पीएचे सगळे सांगितले. त्यावर सरकारी वकील उठले आणि मंत्रिमहोदयांचे पत्र त्यांनी पुढे केले. मग विचारले, "आरोपींना सरकार गेल्याचे माहीत होते, असे साक्षीदार सांगतात. तुमच्या तपासात दुसरे काही निष्पन्न झाले?"

"नाही," मी म्हटले.

शेवटी न्यायाधीश आरोपीला त्याचे म्हणणे विचारतात. वकिलांनी दाजींना पढवून ठेवले होते. टीव्ही बंद होता म्हणा, बुधवारी कुणी काही बोलले नाही म्हणा, उरलेले मी बघतो. मी मागच्या बाकावर होतो. न्यायाधीशांनी विचारले, शासन अस्तित्वात नाही हे तुम्हाला माहीत होते का?

दाजी म्हणाले, "होय."

दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांची बायको भेटली. मला टाळेल असे वाटले होते. तिने बाकावर जागा केली.

"तुम्ही आता पोलिसात नाय, असां कळलां."

"नाही, काकी."

"मगे आता खरां सांगाक हरकत नाय. काय जातला?"

मी पत्रकांत रोज लिहितो, लढा, जिंकू. तिच्यापुढे तसे तोंडात आले नाही. "शिक्षा होईल," मी म्हटले.

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसले. मग म्हणाली, "पावसाआधी होडी विकूक होयी मगे. मागसून कोण घेवचो नाय," आणि उठून आत गेली.

निकाल तसाच लागला. सातही जण दोषी. अपील वर आहे, दाजी आणि बाकीचे सहा आत आहेत. गावात गाऱ्हाणे घालायचा मान आता दुसऱ्या घराकडे गेला आहे. दिवे समुद्रात लागतात ते किनाऱ्यावरून दिसतात.

या प्रकरणाने काय शिकवले, असे लिहायची या लेखनाची पद्धत आहे. मी कॉलेजात असताना समजत होतो, अन्याय खोट्यावर चालतो. खोटे उघडे पाडले की तो कोसळतो. या गुन्ह्याच्या कागदपत्रांत खोटे काहीही नाही. फिर्याद खरी, पंचनामे खरे, साक्षी खऱ्या, मंत्र्यांचे पत्रही खरे. आरोपी तर शेवटपर्यंत खरे बोलला. हे सगळे खरे गोळा करून, क्रमांक घालून, सात माणसांना आत पाठवायला कुणी लाचखाऊ, मारकुटा फौजदार लागला नाही. त्या कामाला मी पुरलो.